ओढणी आणि सरळ रेघ

बाळांनो, गेल्या रविवारी फोनवर धाकटी म्हणाली, "आजी, आज शाळेत आम्ही मोशन सेन्सरसमोर चाललो. पण जाऊ दे, तुला सांगून कळणार नाही." मी फोन ठेवला आणि चष्मा शोधला. मला कळतं. तुमच्या जन्माच्या कितीतरी आधी, नव्वदच्या दशकात, पनवेलच्या एका शाळेत तो सेन्सर टेबलावर ठेवून मी नववीचा वर्ग त्याच्यासमोर चालवला आहे, आणि त्यापायी भांडलेही आहे. माझं शिक्षण इंग्रजीतून झालं, त्यामुळे इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं. पण ते भांडण मराठीत झालं, म्हणून मराठीतच लिहिते. अडलं तर बाबाला विचारा. तो सेन्सर त्यानेच आणला होता.

बाबा तेव्हा अमेरिकेत शिकत होता. त्याच्या विद्यापीठातली प्रयोगशाळा जुनी उपकरणं काढून टाकत होती, त्यातला एक सेन्सर त्याने मागून घेतला आणि सुट्टीत येताना स्वेटरमध्ये गुंडाळून आणला. जेवणाच्या डब्याएवढी काळी पेटी, तिला पुढून एक गोल सोनेरी चकती. चालू केली की पेटी टिकटिक करायची. टिकटिक ऐकू यायची, पण चकतीतून निघणारा खरा आवाज आपल्या कानांच्या पलीकडचा. तो समोरच्या माणसावर आपटून परत येतो. परत यायला किती वेळ लागला त्यावरून माणूस किती लांब आहे ते कॉम्प्युटर काढतो आणि पडद्यावर रेघ ओढत जातो. उभे राहिलात तर रेघ आडवी. एकाच वेगाने जवळ आलात तर सरळ उतरती. धावलात तर कड्यासारखी खाली.

शाळेत एकच कॉम्प्युटर होता, हेडमास्तरांच्या खोलीत, फुलाफुलांच्या कव्हराखाली. चपला बाहेर काढून आत जायचं, बघायचं आणि परत यायचं. मी तो प्रयोगशाळेत मागितला.

"धूळ बसेल बाई," हेडमास्तर म्हणाले.

"वापरला तर बसणार नाही, सर. तुमच्याकडेच बसते आहे."

त्यांनी तो दिला. माणूस वाईट नव्हता. माझ्याहून वयाने लहान, हुशार, शिस्तीचा. पण कुठलीही गोष्ट करण्याआधी लोक काय म्हणतील ते त्यांना आधी ऐकू यायचं.

गती हा धडा मी पंधरा वर्षं फळ्यावर शिकवला होता. मुलं आलेख पाठ करायची आणि परीक्षेत बरोबर काढायची, पण त्या रेघेत कोणीतरी चालतं आहे हे एकालाही दिसत नसे. सेन्सर आला आणि पहिल्याच तासाला दिसलं. मी पडद्यावर आधी एक रेघ काढून ठेवायची आणि विचारायची, "ही रेघ कोण चालून दाखवतं?" मग नुसता गोंधळ. "अरे थांब ना मधे, आडवी आहे तिथे!" "मागे जा, मागे! आपटशील!"

सगळ्यांत आधी रेघ वाचायची ती नेरे गावाहून एसटीने येणारी एक मुलगी. शेतकऱ्याच्या घरची, अंगाने काटकुळी, बोलणं गावचं. ती वर्गात बोटही वर करत नसे, पण रेघ पाहिली की जागेवरूनच पुटपुटायची, "आधी बिगीनं जा, मग उभी रा, मग सावकाश परत ये." आणि ते बरोबर असायचं. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात हा प्रयोग न्यायचा ठरलं, तेव्हा तास संपल्यावर ती दारापाशी घोटाळली.

"बाई, मी येऊ का परदर्शनाला? मला येतंय हे."

मी म्हटलं, "तूच येणार आहेस. चालणार तू आणि समजावून सांगणारही तूच."

दुसऱ्या दिवशी सराव पाहायला हेडमास्तर आले. आधी एक मुलगा चालला. इस्त्रीचा शर्ट, आत खोचलेला. रेघ स्वच्छ उतरती. मग ही चालली. सलवार-कमीज आणि त्यावर गणवेशाची निळी ओढणी, पिनांनी खांद्यांवर बसवलेली. रेघ करवतीच्या दात्यांसारखी आली आणि मधेच मागच्या भिंतीच्या अंतरापर्यंत उडी मारून परत आली. दुसरी मुलगी चालली. तिचीही तशीच. तिसरीचीही.

हेडमास्तर हसले. "बघा बाई, मशीनच सांगतंय. पोरींना सरळ चालता येत नाही." मुलांच्या बाकांवर खसखस पिकली. मग ते हळू आवाजात म्हणाले, "आणि तसंही, वयात आलेल्या मुलीला सगळ्या तालुक्यासमोर मागे-पुढे चालवून दाखवायचं? लोक काय म्हणतील? दोन मुलगे पाठवा. मुली तक्ते रंगवतील."

"सर, रेघ का वाकडी आली ते मी आधी शोधते."

"शोधायचं काय त्यात? आणि ते जमिनीवरचं खडूचं पुसून घ्या. शाळा आहे, लंगडीचं मैदान नाही."

लांबी मोजायला मी फरशीवर दर मीटरला खडूची रेघ ओढली होती. शिपायाने ती पुसली. मी सकाळी परत काढली, संध्याकाळी परत पुसलेली. तिसऱ्या दिवशी मी घरातल्या खिडक्या रंगवून उरलेला पांढरा ऑइलपेंट घेऊन गेले, फूटपट्टी लावली आणि शहाबादी फरशीवर रेघा ओढल्या, आकड्यांसकट. परवानगी मागितली नाही. मागितली असती तर मिळाली नसती.

नेऱ्याची मुलगी त्याच दिवशी माझ्याजवळ आली ती रडवेली नव्हती, रागावलेली होती.

"बाई, मी काय वाकडी चालते? डोक्यावर हंडा घेऊन बावडीवरनं घरापरेंत येते मी. थेंब नाय सांडत."

या मुलीची चाल माझ्याहून सरळ होती. मग वाकडं काय होतं? विज्ञानात अशा वेळी एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. चालणारी तीच ठेवली. परीक्षेला नेतात तो पुठ्ठ्याचा पॅड, वर चिमटा असलेला, तिला दोन्ही हातांनी छातीशी सपाट धरायला सांगितला.

"चाल."

रेघ पट्टीने आखल्यासारखी खाली आली. 

आता उलट बाजू तपासायची होती. मी विचारलं, "मुलांपैकी ओढणी कोण घेतं?" सगळे बाकाखाली शिरले. शेवटी तोच इस्त्रीच्या शर्टवाला उठला. खट्याळ होता आणि कशालाही घाबरत नसे. एका मुलीने आपली ओढणी दिली, दुसरीने पिना लावल्या.

"अय्या, शोभतेय गं हिला!"

"लाजू नको गं, चाल की!"

तो मुरडत चालला, तेव्हा मी दरडावलं, "नीट चाल. हे मोजमाप आहे." तो नीट चालला. रेघ करवतीची. टिकटिक चालू, वर्ग बाकं बडवतो आहे, आणि दारात हेडमास्तर उभे.

ते तिथूनच वळले. थेट संस्थेच्या अध्यक्षांकडे गेले.

अध्यक्ष म्हणजे पनवेलच्या बाजारातले कापडाचे व्यापारी, वयस्कर, मोजकं बोलणारे. दोन दिवसांनी ते स्वतः प्रयोगशाळेत आले. थंडीचे दिवस, झब्ब्यावर लोकरीची शाल घेतलेली. हेडमास्तर त्यांच्या मागे. नववीचा वर्ग बाकांवर चिडीचूप.

"बाई, मुलाला ओढणी घातलीत म्हणे?"

"घातली."

"कशाला?"

"मुलीला शर्ट घातला असता तर तक्रार याहून मोठी आली असती, म्हणून."

मागच्या बाकावर कोणीतरी फिस्सकन हसलं. अध्यक्ष हसले नाहीत. मी म्हटलं, "साहेब, मी सांगत बसत नाही. त्या पांढऱ्या रेघेवरून या टेबलापर्यंत तुम्हीच या. सावकाश, एका चालीने."

"मी?"

"तुम्हीच."

हेडमास्तर म्हणाले, "बाई, साहेबांना कशाला..." पण साहेब निघाले होते. ताठ, बाजारातून चालावं तसे. पडद्यावर करवत उमटली. मुलींच्याहून मोठ्या दात्यांची. लोकरीची शाल होती ती.

ते पडद्याकडे बघत राहिले. "म्हणजे? मलाही सरळ चालता येत नाही?"

"हे मशीन तसंच म्हणतं, असं सरांचं मत आहे."

मग मी नेऱ्याच्या मुलीला खूण केली. तिने आपला पॅड त्यांच्या हातात दिला आणि खाली मान घालून, पण स्पष्ट म्हणाली, "छातीशी धरा, साहेब. वाकडा नको." ते परत चालले. रेघ सरळ.

"हे कसं गं?" त्यांनी तिलाच विचारलं.

"आवाज कापडात मुरतो, साहेब. थोडा हिकडं-तिकडं जातो. पॅडवरनं सगळा परत येतो. चाल तीच हाय."

अध्यक्षांनी तिच्या ओढणीचं टोक दोन बोटांत धरून चोळलं. कापडवाल्याची सवय. "आपल्याच दुकानातली," ते स्वतःशीच म्हणाले. मग वळून हेडमास्तरांना म्हणाले, "हिला पाठवा."

"पण साहेब, लोक..."

"लोकांना मी बघतो. मी चाललो ना आता सगळ्यांदेखत? काय झालं?"

प्रदर्शनात ती दिवसभर चालली. घोळका जमायचा, कोणीतरी आचरट बोलायचं, ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची, पॅड धरायची आणि चालायची. परीक्षकांनी पॅड कशाला विचारलं, तेव्हा तिने आधी पॅडशिवाय, ओढणीसकट चालून दाखवलं, मग पॅड धरून. शब्द कमी, रेघा दोन. बक्षीस आम्हाला मिळालं नाही. ते थर्माकोलच्या ज्वालामुखीला मिळालं. एसटीत मला राग आवरत नव्हता. ती मात्र खिडकीशी बसून म्हणाली, "बाई, त्या ज्वालामुखीला काय इचारलंच नाय कुणी."

पुढच्या वर्षी मुलींना तक्ते रंगवायला कोणी बसवलं नाही. हेडमास्तरांनी बसवायचा प्रयत्न केला. मी त्यांना सेन्सरसमोर येऊन चाला म्हटलं. ते आले नाहीत, आणि विषयही परत काढला नाही. त्यांनी सूड उगवला तो फरशीवर. मे महिन्यात शिपायाला रॉकेल आणि घासणी देऊन माझ्या रेघा काढायचा हुकूम सोडला. त्या फिकट झाल्या, पण निघाल्या नाहीत. दगडाने रंग पिऊन टाकला होता.

ती मुलगी दहावी पास झाली. पुढे तिचं काय झालं मला ठाऊक नाही, आणि तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी ते रचून सांगणार नाही. तो कॉम्प्युटर भंगारात गेला. सेन्सर माझ्या कपाटात आहे. तो आता टिकटिक करत नाही.

मागच्या महिन्यात शाळेत गेले होते. प्रयोगशाळेत नवी बाकं आली आहेत. त्यांच्या पायांमधून फरशीवर पांढऱ्या रेघा दिसतात, दर मीटरला एक. चौथ्या रेघेजवळचा आकडा अजून वाचता येतो.