बैलाच्या पायावरची बादली

देगलूर तालुक्यातल्या एका खेड्यात मी चौथीचा वर्ग शिकवते. त्या वर्षी मुलांना सांगितलं, वस्तू जशी दिसते तसे शब्द मांडा. साप असेल तर ओळ वळवा, धूर असेल तर वर जाऊ द्या.

वर्गात एक मुलगी होती. तिच्या घरी तेलुगू बोलायचे. मराठीची वही शाळा उघडल्यापासून कोरीच. तिने त्या दिवशी विहीर लिहिली. एकाखाली एक सहा शब्द: दोर, खाली, खाली, अजून, खाली, बुडुक. बुडुक म्हणजे बादली पाण्यात गेली. मी ते नळाशेजारच्या भिंतीवर तिच्याच हाताने उतरवून घेतलं. मग सगळ्या वर्गानेच भिंत भरली.

केंद्रप्रमुख आले. "मॅडम, हे शब्द काय सांडून ठेवलेत? पुढच्या महिन्यात तपासणीचं पथक येणार. ओळी सरळ पाहिजेत."

"विहीर आडवी कशी काढू, सर?"

ते मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. मुख्याध्यापकांनी दुसऱ्या दिवशी पांढऱ्या रंगाचा डबा आणून भिंत कोरी केली. मुलीने ते पाहिलं. त्यानंतर तिची वही पुन्हा कोरी यायला लागली. मी रागावले नाही, समजावलंही नाही. समजावून काय होतं?

डब्यात अर्धा रंग उरला होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी मी तो वर्गात ठेवला. "भिंत सरकारची. बैल कुणाचे?"

"आमचे!"

आमच्याकडचे बैल लालकंधारी, तांबडेलाल. त्यावर पांढरं झकास दिसतं. रंग पाण्याने धुऊन निघतो ना, हे मी आधी माझ्या हातावर लावून पाहिलं. मग वाट्या भरून दिल्या. मुलगी वाटी न घेताच गेली.

पोळ्याला बैल वेशीत उभे राहिले. एकाच्या पाठीवर साप, एकाच्या पोटावर चंद्र. घरोघरच्या बायका नैवेद्याची ताटं घेऊन अक्षरं वाचत थांबल्या होत्या. शेवटी त्या मुलीचे वडील बैल घेऊन आले. वाटी तिने मैत्रिणीकडून मागून घेतली होती, हे मला नंतर कळलं. खांद्यापासून पुढच्या पायावर शब्द उतरत गेले होते.

पाहुणे म्हणून बोलावलेले केंद्रप्रमुख नेमके तिथेच थांबले. दोर. खाली. खाली. ते वाचत वाकत गेले. गुडघ्याशी अडकले.

मुलगी पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलली. "अजून खाली हाय, सर."

ते आणखी वाकले. बुडुक खुरावर होतं.

मागून एक म्हातारा ओरडला, "काय साहेब, बैलाच्या पाया पडून राहिले का? नारळ फोडा मंग!"

सगळी वेस हसली. साहेब टोपी सावरत उभे राहिले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "भिंतीवर मात्र नको हं, मॅडम."



सोमवारी मुलीने वही पुढे केली. वहीत पानभर शब्दांचा तिरपा पाऊस होता. मी तिला गेरूची वाटी दिली आणि नळाशेजारी उभं केलं. पथक यायला चार दिवस होते. पांढऱ्या भिंतीवर गेरू छान उठतो.