देवाजीनं न दिलेलं

दौलत मास्तर रोज दिवेलागणीला आपल्या डोळ्यांची परीक्षा घ्यायचा. मावला गावातल्या त्याच्या घरामागं शेजाऱ्याची काळी शेळी बांधलेली असे. दिवा न लावता ती दिसली, की तो दिवस पास. आभाळ भरून आलेलं असलं आणि शेळी कोपऱ्यात बसली, की मास्तर कुंपणापाशी जाऊन तिला शोधत राहायचा.

भीतीला कारणही तसंच होतं. त्याचा बाप देवाजी दुसऱ्याच्या कापसात राबता राबता तिशीतच रातांधळा झाला आणि चाळिशीत त्याला दिवसाही दिसेना. दौलत आता पस्तिशीचा होता. आंधळ्याचं कूळ म्हणून त्याला कुणी मुलगी दिली नाही. बहीण जयवंताचं लग्न मात्र चटकन जमलं. ती परक्या घरी जाणार, तिच्यामागं कूळ कशाला येतंय, असं सगळ्यांनी धरून चाललं. पुढं गुडीहत्नूरच्या अमृतरावांची लेक रेणुका, तीही शिक्षिकाच, तिनं आपण होऊन दौलतला विचारलं. तर या शहाण्यानंच नाही म्हटलं. तिच्या गळ्यात आंधळा नवरा बांधायचा नव्हता म्हणे! तिनं याच्याशी बोलणं टाकलं, आणि बरंच केलं.

त्या हिवाळ्यात भैंशाच्या एका कापसाच्या जिनिंगच्या आवारात नेत्रशिबिर भरलं. दौलत बापाला घेऊन गेला. हैदराबादहून आलेल्या डॉक्टरीणबाईंनी दोघांच्या डोळ्यांत थेंब घातले आणि बराच वेळ आत पाहिलं. मग हिंदीत विचारलं, "घरात आणखी कुणाला?"

दौलतनं आजोबा सांगितले, काका सांगितले. सगळ्यांचे डोळे धड होते.

"आणि यांच्या आईकडे?"

आजीच्या माहेरची चौकशी कधी कुणी केलीच नव्हती. देवाजीच बोलला, "माह्या मायचे दोन्ही भाऊ आंधळे होते. मावशीचा फकिरा बी."

बाईंनी हातातली बॅटरी खाली ठेवली. "हा दोष बायांकडून येतो. त्यांचे स्वतःचे डोळे बहुधा चांगले राहतात, पण त्यांच्या मुलग्यांना तो होऊ शकतो. आंधळा बाप तो मुलाला देत नाही. मास्तरांच्या डोळ्यांचा पडदा अगदी स्वच्छ आहे."

"म्हंजे म्या याले नाई देलं?"

"नाही, बाबा."

धोतराचा सोगा तोंडाला लावून देवाजी हमसून रडला. पोराचे डोळे आपण खाल्ले, असं तो इतकी वर्षं मनात धरून बसला होता आणि दौलतला त्याचा पत्ताही नव्हता.

"अन् माह्या लेकीले?" त्यानं सावरून विचारलं.

"मुलीला मात्र बाप देतो," बाई हळूच म्हणाल्या. जयवंताला दोन मुलीच होत्या. तिला आणि मुलींना बहुधा दिसत राहील, पण पुढं त्यांना मुलगे झाले तर लवकर दाखवायला आणा, असं बाईंनी बजावलं. दौलतचा आनंद जरा ओसरला. जयवंतापासून हे लपवायचं नाही, असं बापलेकांनी तिथंच ठरवलं.

परतीच्या बसमध्ये कंडक्टरनं गुडीहत्नूरची हाळी दिली, तसा देवाजी काठी टेकून उभा राहिला.

"बा, मावला पुढं हाय."

"मले ठाऊक हाय. अमृतरावाच्या घरी जाऊ."

"थे पोरगी माह्याशी बोलत बी नाई."

"काऊन बोलंल? माह्या डोळ्यायपाई तू नाई म्हणून आला होतास. आता हो म्हणायले काय धाड भरली?"

दौलतनं बापाचा हात धरला आणि दोघं खाली उतरले.