वाकलेली कड

लखनौच्या एका कॉलेजात धनंजय खरे भौतिकशास्त्र शिकवत. अलीगंजमध्ये दोन खोल्या, बायको मालिनी, आणि डोक्यात एकच प्रश्न: दीर्घिकेची ताऱ्यांनी भरलेली तबकडी वाकते कशी? मधला भाग सपाट असतो. कड मात्र एका बाजूला वर उचललेली, समोरच्या बाजूला खाली झुकलेली.

शेजारून गेलेल्या दुसऱ्या दीर्घिकेच्या ओढीने ती वाकली, असं त्यांनी प्रबंधात मांडलं होतं. प्रबंध दिला की रीडरची, म्हणजे बढतीची, जागा त्यांचीच, हे कॉलेजात सगळे धरून चालले होते.

१९९४ च्या मे महिन्यात, प्रती बाइंडिंगला टाकल्यावर, त्यांनी कॉम्प्युटरवर तेच गणित आणखी पुढे चालवून पाहिलं. इतकी वर्षं ते लवकर थांबवत आले होते. वाकलेल्या तबकडीचं आतलं कडं भराभर डुलतं, बाहेरचं सावकाश. दोघांचा मेळ सुटतो आणि बाक विरत जातो. पडद्यावरची तबकडी सपाट झाली. आकाशातल्या कितीतरी मात्र अजून वाकलेल्याच होत्या. म्हणजे एकदाची ओढ पुरत नव्हती. काहीतरी अजून चालू असलं पाहिजे. कदाचित बाहेरून तिरका येऊन पडत राहणारा वायू. ते सिद्ध करायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं.

"प्रती परत आणतो," ते म्हणाले.

मालिनी भाजी निवडत होती. "परीक्षकांना कळणार आहे?"

"बहुतेक नाही."

"मग? प्रमोशन तुम्हाला हवंय की दीर्घिकेला?"

त्यांनी चपला पायात सरकवल्या. तिने भाजी तशीच ठेवली आणि स्कूटरची किल्ली आणली. "चला. नाहीतर एका हाताने स्कूटर चालवाल नि दुसऱ्याने कागद धराल."

हजरतगंजमागच्या गल्लीत बाइंडर हळहळला. "अरे प्रोफेसर साहब, बस जिल्द चढ़ने ही वाली थी!"

"रहने दीजिए, भैया. ग़लत है."

"पूरी?"

"जो सबसे ज़रूरी था, वही."

परतताना लू, उन्हाळ्यातला तापलेला वारा, सुटली होती. मागे बसलेल्या मालिनीने गठ्ठा मांडीवर तळव्यांनी दाबून धरला होता. मधे कागद हलत नव्हते. कडा मात्र वळत होत्या.

"अहो, जरा हळू."

त्यांनी वेग अगदी कमी केला. वारा थांबला नाही, कडाही सरळ झाल्या नाहीत.

रीडरची जागा दुसऱ्याला मिळाली. धनंजय पुन्हा पहिल्या पानापासून लिहू लागले.