आपसूक ऊब

प्रयोगशाळेत तिला सगळे पाराबाई म्हणत. कुठलं रसायन किती तापमानाला उकळतं हे शोधणं तिचं काम, म्हणून हे नाव. तिचा स्वतःचा पारा चढलेला मात्र कोणी पाहिला नव्हता.

एकदा एका कारखान्याने मधासारखा पिवळा द्रव पाठवला. त्याचा उत्कलनबिंदू हवा होता. पाराबाईने काचेच्या कपाटात फ्लास्क चढवला, थर्मामीटर सोडला, हीटर लावला. द्रव उकळायचं नाव घेईना. आधी तांबूस झाला, मग काळपट, आणि करपलेल्या केसांसारखा वास सुटला. तिने ओळखलं, हा उकळायच्या आधीच मोडतोय, त्याचं विघटन होतंय. तिने हीटर बंद करून बाजूला ओढला.

आता पारा उतरायला हवा होता. तो चढतच राहिला.

"हीटर चालू राहिला का गं?" शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने विचारलं.

"वायरसुद्धा काढलीय. हा आपला आपणच तापतोय. चल, आधी बाहेर हो."

तिने कपाटाची काच खाली ओढली. दोघी दाराबाहेर पडतात न पडतात तोच आत फट्कन आवाज झाला. फ्लास्कचा चुरा झाला, कपाटाची काच टिकली, कोणाला खरचटलंही नाही. तिने कळवल्यावर कारखान्याने सगळा साठा थंड खोलीत हलवला.

तेव्हापासून पाराबाईला एक खोड जडली. येता-जाता वस्तूंना हाताची मागची बाजू लावून बघायची. बंद इस्त्री, दाराची कडी, काहीही. अशीच एका संध्याकाळी सासऱ्यांच्या खुर्चीला हात लावला आणि दचकून मागे घेतला. सासरे जाऊन वर्ष होत आलं होतं. खुर्ची आतल्या, बिनखिडकीच्या खोलीत होती. तिच्यात कोणी बसत नसे. तरी बैठक कोमट होती, कोणी नुकतंच उठून गेल्यासारखी.

"मांजर बसलं असेल," नवरा म्हणाला.

"आपल्याकडे मांजर कुठंय?"



दुसऱ्या दिवशी तिने थर्मामीटर घरी आणला. खोलीपेक्षा बैठक तीन अंशांनी गरम. आठवड्याने पाहिलं तर पाच. आपोआप तापणाऱ्या गोष्टीचं पुढे काय होतं, हे तिच्याइतकं त्या घरात कोणाला माहीत नव्हतं.

"आई, ती खुर्ची बाहेर काढू या," ती सासूबाईंना म्हणाली.

सासूबाई मटार सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ती तापते, ठाऊक आहे मला. माझंच धाडस होत नव्हतं."

त्यांनी हात पुसले, आतल्या खोलीत गेल्या आणि खुर्चीपाशी उभ्या राहून नेहमीच्या आवाजात बोलल्या, "अहो, सरका जरा."

मग बसल्या. पाराबाई दारातच थिजली. बऱ्याच वेळाने सासूबाई उठून मटाराकडे परतल्या, तेव्हा तिने बैठकीवर हात ठेवला. आत्ताच माणूस उठलेली ती जागा फरशीसारखी गार होती.

खुर्ची पुन्हा कधी तापली नाही. हल्ली नवरा तिच्यात बसून पेपर वाचतो. सासूबाई पुढे बरीच वर्षं धडधाकट होत्या, पण कडाक्याच्या थंडीतही त्यांनी शाल म्हणून घेतली नाही. पाराबाई रोज त्यांच्याजवळ बसायची, गप्पा मारायची. त्यांचा हात तेवढा हातात घ्यायची नाही.