कडकताईंचा रोजचा वाचक

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर धुलाई-इस्त्रीचं दुकान आहे. ते चालवणाऱ्या बाईंना सगळे कडकताई म्हणतात. हे नाव इस्त्रीवरून पडलं की जिभेवरून, यावर गिऱ्हाइकांत दोन तट आहेत. यजमान पुढे पावत्या करतात, ताई मागच्या खोलीत इस्त्री करतात.

दुपारी दुकान निवांत झालं की ताई पावत्यांच्या कम्प्युटरवर ब्लॉग लिहायच्या. धुवायला आलेल्या कपड्यांवरून माणूस ओळखायचा आणि नाव न घेता त्याच्याविषयी लिहायचं. डाव्याच कोपराला शर्ट फाटणारा विद्यार्थी, उंची कोटाच्या खिशात कायम बिस्किटांचा चुरा असणाऱ्या डॉक्टरीणबाई. वाचताना मी हसायचे आणि आपल्या पडद्यांची पाळी कधी येते म्हणून जरा धास्तावायचेही. दिवसभर वाफेत उभ्या राहणाऱ्या त्या बाईंचं स्वतःचं असं काही असेल, तर ते एवढंच.

मग लिखाण अचानक थांबलं. विचारलं तर ताईंनी मला मागच्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि मोबाइल पुढे केला. त्यावर ब्लॉगचा हिशोब होता: कुठला लेख कधी, किती वेळा उघडला गेला.

"बाई, कुणीतरी पाळत ठेवून आहे. रोज सकाळी आमचं शटर वर गेलं की हा एकच लेख उघडला जातो. बाकीच्यांना हातही लावत नाही."

लेख एका गृहस्थांवर होता. ते दर आठवड्याला शर्ट टाकून जात, पण ते शर्ट घातल्यासारखे दिसतच नसत. ना कॉलरला मळ, ना पाठीला चुरगळ. यांची नोकरी सुटली आहे आणि घरी कळू नये म्हणून इस्त्रीचं सोंग चाललंय, असं ताईंनी ताडलं होतं आणि लिहून मोकळ्या झाल्या होत्या.

"त्यांनी वाचलंय. परवा पावती घेताना हसले."

"अहो, माणूस हसतो."

"तसं नव्हतं ते हसणं."

संशयाचं भूत एकदा मानगुटीवर बसलं की ते एकाच घरी थांबत नाही. मग नणंदेनेच गृहस्थांना लेख दाखवला असणार, असं ठरलं. नणंद तोंडावर म्हणाली, "वहिनी, तुझा एक लेख वाचताना मला चार जांभया येतात. तो मी गावभर वाटीन?" मग माझी पाळी आली. "बाई, तुम्ही सकाळी लवकर उठता, नाही?" ताईंनी सहज विचारलं. ते सहज नव्हतं.

लिहायला बसल्या की पहिल्याच ओळीत ते गृहस्थ समोर उभे राहत. शेवटी ताईंनी कम्प्युटरला हात लावणंच सोडलं. न जाणो, त्यातूनच कुणी बघत असेल!

मध्येच यजमानांची पाठ धरली आणि दुकान बंद राहिलं. तेवढे दिवस लेख कुणी उघडला नाही.

"बघा! दुकान बंद, तर तोही बंद. म्हणजे समोरूनच बघतोय."

खरं सांगते, माझ्याही मनात पाल चुकचुकली. मी समोरच्या खिडक्या न्याहाळल्या.

दुकान पुन्हा उघडलं त्या सकाळी मी पडदे घेऊन गेले. ताई मुद्दाम पुढेच उभ्या होत्या, डोळा रस्त्यावर. यजमानांनी कम्प्युटर लावला. स्क्रीनवर आपोआप तोच लेख आला. त्यांनी तो सवयीने बाजूला सारून पावत्या काढल्या.

"हे काय?" ताई ओरडल्या.

"तुझंच आहे. मशीन लावलं की रोज वर येतं. तू अर्धवट ठेवलं असशील म्हणून बंद केलं नाही. हल्ली तुला काही विचारायची सोय आहे का?"

मला हसू फुटलं. ताई मात्र स्टुलावर बसल्या. "म्हणजे रोज वाचणारं कुणी नव्हतंच," त्या म्हणाल्या. ज्याला घाबरत होत्या, त्याची त्यांना सोबतही झाली होती.

मला वाटलं, आता लिहितील. पण संशय बाहेरून उठून आत जाऊन बसला होता. "त्यांनी खरंच वाचलं असतं तर? मी बघितलं काहीच नव्हतं, बाई. नुसतं ताडलं होतं."

मी पडदे परत न्यायला गेले, तेव्हा ते गृहस्थ शर्ट घेऊन उभे होते. ताईंनी त्यांच्या हातात पावतीऐवजी मोबाइल ठेवला.

"हे तुमच्यावर आहे. वाचा. नको असेल तर आत्ता काढते."

यजमान जोरात खोकले. गृहस्थांनी उभ्यानेच वाचलं.

"नोकरी सुटली? कुणाची?"

"तुमची... ना?"

"अहो ताई, कारखान्यात पोचलो की अंगावर डगला चढतो. शर्ट आपला बसपुरता. तिथेही मी उभ्यानेच जातो, घडी मोडू नये म्हणून."

"बसपुरता? मग एवढी कडक इस्त्री कशाला?"

"बसमध्ये रोज तीच माणसं असतात. कुणीतरी बघतंच की."

"कोण बघतं?"

गृहस्थ कानापर्यंत लाल झाले. ताईंनी स्टूल त्यांच्याकडे सरकवलं आणि स्वतः कम्प्युटरपाशी गेल्या.

"लिहा, पण आधी मला वाचून दाखवा," ते म्हणाले.

ताईंनी भराभर काही ओळी बडवल्या आणि मोठ्याने वाचल्या. गृहस्थ मान डोलवत होते, मग थांबले.

"‘लाजले’ काढा."

"का? लाजलात की."

"लाजलो. पण काढा."

बराच वेळ घासाघीस चालली. शेवटी ‘जरा लाजले’ यावर मिटलं.