खाजाबी आणि पोथीतला शब्द

फाटा मागं पडून अर्धा तास झाला होता, तरी कमठाणा अजून दिसत नव्हतं. बस चुकली होती. खाजाबीच्या डोक्यावर बांगड्यांची टोपली, माझ्या हातात तिचं दुसरं गाठोडं. दोघींचेही गुडघे आता चालण्याजोगे राहिले नाहीत. झाड दिसलं की टेकायचं, असं चाललं होतं.

खाजाबी मणियारीण. चाळीस वर्षं तिनं या गावांतल्या बायकांचे हात भरले. माझ्या लग्नाचा चुडाही तिनंच भरला. आता पोरी बीदरहून बांगड्या आणतात, तरी ती फिरते. श्रावणात मी मारुतीच्या देवळात पोथी वाचते, तेव्हा ती बाहेर पायरीवर बसून ऐकते. आई वाचायची तेव्हापासूनची तिची ती जागा. यंदा मात्र दोन सोमवार ती आली नाही.

दुसऱ्या बाभळीखाली बसल्यावर मी कारण विचारलं. ती टोपलीवरचं फडकं सारखं करू लागली.

"पोथीला येती ती राजूबाई म्हनली, मी पायरीवर हाय म्हनून तू पोथीतला एक शबुद गिळतीस. कोनता ग त्यो?"

ते खरं होतं. आमच्या पोथीत मुसलमानांना 'अविंध' म्हटलंय. तिच्यादेखत तो शब्द तोंडातून निघेना, म्हणून मी तिथं अडखळून 'ते लोक' असं वाचायची. मी अडखळले की सगळ्या बायका पायरीकडं वळून बघायच्या, हे मला कधी दिसलंच नाही. माझी नजर पोथीत.

मी अर्थ सांगितला. विंधणं म्हणजे टोचणं. आपल्याकडं लेकरांचे कान टोचायची रीत. मुसलमानांत पुरुषांचे कान टोचत नसत, म्हणून जुन्या मराठीत त्यांना अविंध म्हणू लागले. कुणी रागानं म्हणायचे, कुणी नुसतं ओळखीसाठी.

खाजाबीनं पदर मागं सारला. कानाच्या पाळीपासून वरच्या कडेपर्यंत सात भोकं.

"तुला किती हायत? एक न्हवं?" ती म्हणाली. आम्ही दोघी हसलो, पण चालून हसायलाही दम उरला नव्हता.

मग तिनं सांगितलं. दोन लेकरं गेल्यावर महेबूब झाला. तो जगावा म्हणून माझ्या आईनं सुचवलं आणि भीमराज सोनारानं बाराव्या दिवशी त्याचा उजवा कान टोचला. लग्नात सासुरवाडीची माणसं हसली, तेव्हा त्यानं बाळी काढली. भोक काही बुजलं नाही. आता तोच म्हणतो, पायरीवर बसू नको, तुला बघून लोक गप होतात.

ती उठली नाही. टोपली मांडीवर घेऊन म्हणाली, "अक्का, सोमवारी त्यो शबुद हाय तसा वाच. थांबू नको. तू थांबलीस की समदे माझ्याकडं बगतेत. वाच, अन् आत्ता सांगितलीस तसा अर्थ बी सांग. मग मी येते बसायला."