वसंताने सडायला टाकलेली कोळंबी

वहिनींचा फोन आला तेव्हा सकाळचे सात वाजले असतील. वहिनी म्हणजे माझा मित्र वसंता, त्याची बायको. आम्ही भांडुपला एकाच इमारतीत राहतो, मी तिसऱ्या मजल्यावर, ते पाचव्या. वहिनी फोन करत नाहीत, काम असलं की जिन्यातून हाक मारतात. त्या दिवशी फोनवर एवढंच म्हणाल्या, "भावजी, जरा वर या." मी विचारलं, "पाणी गळतंय काय?" कारण त्यांच्या हॉलमधला विटांचा ओटा मी बांधलेला, त्याच्यावर चार फुटी काचेची टाकी, आणि ती बसली त्या दिवसापासून माझ्या मनात एकच संशय, की एक दिवस हे सगळं खाली येणार आणि लोक बोट माझ्याकडे दाखवणार. मग म्हणाल्या, "पाणी नाही गळत. हे उठत नाहीयेत..." दीड महिना झाला. नवरा गेलेल्या बाईला मी पहिला प्रश्न पाण्याचा विचारला, हे मला अजून टोचतं. पण त्याहून मोठं टोचणारं पुढे आहे, ते सांगायलाच लिहायला बसलोय. कोणी सांगितलं म्हणून नाही.

मी गवंडी. शिक्षण चौथी. पण भांडुप ते मुलुंड मी उभ्या केलेल्या भिंती बघून या, एकीला तडा दाखवा. वसंता विक्रोळीला कारखान्यात टर्नर होता, लेथवर लोखंड कातायचा. दोघे एकाच तालुक्यातले, तो समुद्राकाठचा, मी डोंगराकडचा. त्याच्या बोटांना केसाएवढा फरक कळायचा. मी म्हणायचो दोन सूत, तो म्हणायचा दीड, आणि मोजलं की दीडच निघायचं. मला राग यायचा, खोटं कशाला सांगू? एवढ्या वर्षांत त्याचं चुकलेलं मी बघितलं नाही, आणि वाट मात्र कायम बघितली.

रिटायर झाल्यावर त्याने हे काढलं. घरात समुद्र करायचा. नदीतले रंगीत मासे नाहीत, समुद्रातले. लहानपणी गावच्या खडकांत ओहोटीला पाणी अडायचं, त्या खळग्यांशी हा तासन्‌तास पालथा पडून असायचा, म्हणे. आत फुलासारखी जनावरं उघडायची आणि बोट लावलं की मिटायची. तसला एक खळगा त्याला हॉलमध्ये हवा होता. पण वहिनींनी आधीच बजावलं होतं, "माझ्या डोक्यावर आणखी एक काम नको." त्याचे गुडघे गेलेले, छातीच्या दुखण्यावर गोळ्या चालू. म्हणून टाकी अशी आखायची की तिला कमीत कमी हात लावावा लागेल. चारेक महिने त्याने नुसती आखणी केली. एक वही केली. टाकी मोठी घ्यायची, कारण थोडं पाणी लवकर बिघडतं, जास्त पाणी सावकाश. मासे दोनच. कडक पोवळ्यांच्या वाटेला जायचंच नाही, त्यांचे लाड फार आणि कायदाही आडवा येतो. मऊ, फुलासारखी, नुसत्या उजेडावर जगणारी तेवढी ठेवायची. काच चाटायला गोगलगायी. दिवा आपोआप लागेल, आपोआप विझेल. मी म्हणालो, "वश्या, कमी देखभालीची वस्तू जगात नसते. कोणीतरी मरत असतं तिच्यासाठी, आपल्याला दिसत नाही एवढंच." तो हसला. म्हणाला, "तुका काय कळता? असतत मरणारे. पण ते डोळ्यांका दिसनत नाय."

हे सगळं त्याला शिकवणारा घाटकोपरचा एक दुकानवाला. पन्नाशीचा, चष्मा कपाळावर, गोड बोलणारा. गोड बोलणाऱ्यावर माझा विश्वास नाही, सिमेंटवाल्यांनी तो घालवला. मी वसंताबरोबर दुकानात जायचो ते त्याच्यावर नजर ठेवायला. पहिल्याच दिवशी त्याने मीठ दाखवलं. समुद्राचं पाणी घरी बनवायचं मीठ, डब्यात भरलेलं. मी तिथेच म्हणालो, "आमच्या मागे मुलुंडला मिठागरं आहेत, आणि आम्ही मीठ डब्यातून घ्यायचं?" दुकानवाला शांतपणे म्हणाला, "काका, ते जेवणाचं मीठ. समुद्रात नुसतं मीठ नसतं." वसंताने मान डोलावली. मला वाटलं, गेला, हा माणूस गेला.

टाकी आली, खारं पाणी भरलं, पांढरे कोरडे दगड रचले. दगड रचायला दोन दिवस. एक हलवायचा, मागे जाऊन बघायचा, परत हलवायचा. आणि मग मासे? मासे नाहीत. वसंता म्हणाला, "आता एक सुंगट पाण्यात टाकून सडवूचा." सुंगट म्हणजे कोळंबी.

"सुंगट सडवूचा? मेल्या, सुंगट खावचा असता!"

"ऐक तर. ती सडली की पाण्यात विष होतं. ते विष खायला बारीक जीव येतात, डोळ्यांना न दिसणारे. ते दगडांत घर करतात. मग माशांची घाण तेच खातात. तुला मी म्हटलं नव्हतं, मरणारे असतात म्हणून? हेच ते नोकर. ते एकदा बसले की मला हात लावायला नको."

"आणि हे कोणी सांगितलं?"

"दुकानवाल्याने."

"झालं तर! पाणी सडवेल, मासे मारील आणि परत विकेल. मामा बनवतोय तुला."

आमच्याकडे कोळंबी म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. आजारातून उठलेल्याला देतात. पाहुणा आला तर आधी त्याच्या पानात पडते. ती मुद्दाम कुजवायची, तीही अंघोळ करून, हात जोडून नवीन टाकीत... माझं डोकंच फिरलं. त्याने चांगली, बोटभर लांब निवडली आणि दगडांच्या मागे सोडली. दुसऱ्या दिवशी दोघं नवराबायको शिमग्याला गावी गेली. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, मी गेलो नाही. चावी मला दिली. "कशाक हात लाव नको," एवढंच म्हणाला.

दोन दिवसांनी दुपारी मी वर गेलो. दार उघडलं तर वास. फार नाही, पण वास. टाकीच्या मागून वाकून बघितलं, कोळंबी फुगून पांढरी झालेली, भोवती कापसासारखं काहीतरी. मी स्वयंपाकघरातून चिमटा आणला, ती काढली, पेपरात गुंडाळली आणि खाली कचऱ्याच्या डब्यात टाकून आलो. चिमटा घासून जागेवर ठेवला. तेव्हा मला काय वाटलं ते खरं सांगतो. मित्राचं घर वाचवलं असं वाटलं. मनात म्हटलं, पाणी स्वच्छ राहील, मासे जगतील, आणि मग याला कळेल कोण खरं बोलत होतं.

गावाहून आल्यावर वसंताने वाकून बघितलं. "विरघळली वाटतं," म्हणाला. मी टीव्हीकडे बघत होतो. मग त्याने काचेची छोटी नळी काढली, टाकीतलं पाणी घेतलं, त्यात दोन बाटल्यांतल्या औषधाचे आठ आठ थेंब मोजले. पाणी हिरवं झालं तर विष आहे, म्हणजे काम चालू झालं. पिवळं राहिलं तर काही नाही. पिवळं राहिलं. दुसऱ्या दिवशी पिवळं. चौथ्या दिवशी पिवळं. सकाळी बघायचा, दुपारी बघायचा, संध्याकाळी दिव्याखाली धरून बघायचा. थेंब मोजताना ओठ हलायचे. मी समोर चहा पीत बसायचो. तोंडातून एक शब्द काढायचा होता... चहा गिळला, शब्दही गिळला. आज सांगू, उद्या सांगू, असंही नव्हतं. सांगायचंच नव्हतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्याचं काहीतरी चुकत होतं.

तो घाटकोपरला विचारायला निघाला, मी सोबत. दुकानवाला म्हणाला, "काका, थेंब मोजण्यात गडबड होत असेल. वयाप्रमाणे हात हलतो कधी कधी. नाहीतर दुसरी कोळंबी टाकून बघा." मी वसंताला कोपर मारलं. "बघ. आता दुसरी. मग तिसरी. सांगितलं होतं ना?" वसंता लाल झाला. थेंब मोजण्यात चूक, हे त्याला! चार गिऱ्हाइकं उभी असताना तो त्या माणसाला म्हणाला, "तुम्ही चोर आहात." आवाज चिरकला त्याचा. तोपर्यंत मी त्याला कोणाला साधं मूर्खही म्हणताना ऐकलं नव्हतं. दुकानवाल्याने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. परत येताना मी खुशीत होतो.

दुसरी कोळंबी टाकली नाही. टाकी तशीच राहिली, पाणी आणि दगड. पुढे एके दिवशी मी वर गेलो तर वसंता खिडकीशी बसून स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होता. पंजा उघडायचा, मिटायचा. म्हणाला, "भिवा, माझो हात गेलो रे." मी काय म्हणालो? मी म्हणालो, "वय झालं तुझं." ते मी म्हणालो. त्यानंतर तीन आठवड्यांनी तो गेला.

तेरावं झाल्यावर वहिनींनी मला वर बोलावलं. टाकी कोणाला तरी देऊन टाकू म्हणाल्या, आणि बघायला वही पुढे केली. मी हळूहळू वाचतो, पण त्याचं अक्षर छापल्यासारखं. पहिल्या पानावर सगळी आखणी, दोन मासे, फुलं, गोगलगायी, दिव्याची वेळ. शिमग्यानंतरच्या पानांवर एकेक गोष्ट खोडलेली. आधी फुलं. 'झेपणार नाहीत.' मग एक मासा. मग दुसरा. मग गोगलगायी. मला लगेच संशय आला, की त्या दुकानवाल्याने घाबरवलं असणार. पान उलटलं. शेवटच्या पानावर एकच ओळ होती, 'भिवाला विचारणे, टाकी काढली तर ओट्यावर टीव्ही बसेल का.'

तिथे संशय घ्यायला दुसरं कोणी उरलं नाही. मी वहिनींना सांगितलं. कोळंबी, चिमटा, पेपर, कचऱ्याचा डबा, सगळं. त्या ऐकत होत्या. रडल्या नाहीत. वही मिटत म्हणाल्या, "रोज रात्री मला विचारायचे, सुमन, माझा हात थरथरतो का गं? मी म्हणायची नाही. तर म्हणायचे, तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेस." मग म्हणाल्या, "त्या दुकानवाल्याला ह्यांनी चोर म्हटलं, भावजी. तुमच्या भरवशावर. ते आधी निस्तरून या. आणि चावी इथे ठेवा."

चावी ठेवली. दुसऱ्या दिवशी घाटकोपरला गेलो. वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं. दुकानवाल्याने मला ओळखलं, आणि त्यानेही माझ्याकडे संशयानेच बघितलं, ते बरोबरच होतं. मी म्हणालो, "वसंता गेला." तो उभा राहिला. मी म्हणालो, "त्याने तुम्हाला चोर म्हटलं होतं, ते..." तो मध्येच म्हणाला, "ते तर येऊन गेले ना, काका. नंतर एकटेच आले होते. हात जोडून म्हणाले, तुमची चूक नाही, माझाच हात आता चालत नाही. मी म्हटलं, दुसरी टाकून बघा. म्हणाले, नको, उगाच एका जिवाची माती."

भर दुपारी त्या दुकानात, पन्नास टाक्यांच्या मध्ये, मी त्याला सांगितलं की कोळंबी मी काढली होती. तो हसेल असं वाटलं होतं. हसला असता तर बरं झालं असतं. त्याने एक स्टूल पुढे ओढलं आणि म्हणाला, "बसा." मी बसलो नाही. विचारलं, "आता काय करायचं?" म्हणाला, "आता? दुसरी टाकायची. आणि या वेळी राहू द्या."

वहिनींना सांगितलं, त्यांनी टाकी देऊन टाकायचं थांबवलं. कोळंबी मी स्वतः निवडली. वहिनींनी दगडांच्या मागे सोडली, माझ्या हाती दिली नाही. तिसऱ्या दिवशी वास आला. कोणी हात लावला नाही. चौथ्या दिवशी त्यांनी नळीत पाणी घेतलं, थेंब मोजले, मी वेगळे मोजले. आठ. पाणी हळूहळू हिरवं झालं. मी नळी खिडकीपाशी नेली, दिव्याखाली नेली, म्हटलं परत करा. परत केलं, परत हिरवं. वहिनी म्हणाल्या, "मला काय दाखवताय? ज्याला दाखवायचं तो..." आणि आत निघून गेल्या.

आता काम वहीच्या पहिल्या पानावरून चाललंय. त्या दिवसानंतर तीन आठवडे झाले. नळी पुन्हा पिवळी झालीय, पण या वेळी ती व्हायलाच हवी होती, खाणारे आले म्हणून. दुकानवाला एकदा येऊन बघून गेला, मी त्याच्या हातांवर नजर ठेवून होतो, ती सवय जायची नाही. परवा चार गोगलगायी सोडल्या. वहिनी चहा देतात, पण समोर बसत नाहीत. मी बेल वाजवतो, आत जातो, पाणी उडून कमी झालेलं असतं तेवढं गोडं पाणी घालतो. किती घालायचं, ते वसंता करून गेलाय. पाणी कुठवर हवं त्याची काचेवर बाहेरून एक रेघ आहे, कारखान्यातल्या टोकदार हत्याराने कोरलेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, तेव्हाची, जेव्हा तो म्हणत होता हात गेला. वहिनी सांगतात, गेल्याच्या आदल्या आठवड्यात पट्टी न घेता ओढली. म्हटलं, वाकडी असणार. काल घरून माझी पाणसळ, ओट्याची सपाटी बघतो ती, आणली आणि रेघेला लावून धरली. बुडबुडा मधोमध थांबला. मी टोकं बदलून पुन्हा लावली. मधोमध.